साक्षीदाराची स्मृती

बडोद्याच्या इतिहासात ९ नोव्हेंबर १८७४ या दिवसाला जे महत्त्व आले, ते एका पेल्यातील सरबतामुळे. त्या सकाळी फेरफटका मारून परतलेले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी नेहमीप्रमाणे मेजावर ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला, पुढे तो मुंबईच्या सरकारी रसायनतज्ज्ञाकडे गेला आणि त्यात सोमल असल्याचे ठरले. हिऱ्याची पूड असल्याचेही बोलले गेले. दोन महिने उलटतात न उलटतात तोच, जानेवारी १८७५ मध्ये, गादीवर असलेले मल्हारराव गायकवाड कैदेत पडले.

दांडिया बाजारातील जुने वाडे असोत, की आम्ही राहतो त्या मांजलपुरासारखी पूर्वी गावाबाहेर असलेली आणि आता शहरात मिसळून गेलेली वस्ती असो, मराठी घरांत मल्हाररावांची गोष्ट निघाली की हिऱ्याची पूड आणि सोन्याच्या तोफा यांचा उल्लेख हटकून होतो. सांगणारा प्रत्येक जण गोष्ट ठामपणे सांगतो, आणि दोन सांगणाऱ्यांची गोष्ट सहसा एक नसते. यात कोणी खोटे बोलतो असे मुळीच नाही. माणसाची आठवण अशीच चालते. ती कशी चालते हे शोधण्यात एका विदुषीने आपले सारे आयुष्य वेचले. तिच्या कारकीर्दीचा परिचय करून देणे, आणि त्या प्रकाशात आमच्या गावचा हा जुना खटला व आपल्या समाजाच्या आठवणी यांकडे पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम खटला. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे तो फेब्रुवारी व मार्च १८७५ मध्ये चालला. अध्यक्षस्थानी कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच होते. त्यांच्यासोबत सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी, आणि ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे हे तीन हिंदी सभासद होते. सरकारची बाजू मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडली. महाराजांसाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. सरबतात विष घातल्याची कबुली रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने दिली, पण ती डिसेंबरात, आणि माफीचे वचन मिळाल्यावर. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांची कबुलीही काही दिवस पहाऱ्यात काढल्यानंतर माफीच्याच वचनावर आली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही मुंबईहून तपासाला आलेल्या पोलिसांच्या हाती. बॅलंटाइन यांनी या साऱ्या पुराव्यावर कडाडून हल्ला चढवला.

शेवटी तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत झाल्याचा अभिप्राय दिला. तिन्ही हिंदी सभासदांना तो शाबीत झालेला दिसला नाही. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, परंतु कारण सांगितले ते गैरकारभाराचे. त्यांची रवानगी मद्रासला झाली आणि तेथेच १८८२ साली त्यांचा अंत झाला. २७ मे १८७५ रोजी नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळराव दत्तक आला. तेच पुढे महाराज सयाजीराव तिसरे झाले. ज्या राजवटीचा बडोदेकरांना आजही अभिमान वाटतो तिचे दार या खटल्याने उघडले. आणि ज्या साक्षींवर तो उभा होता त्यांविषयी सहा न्यायकर्ते तीन विरुद्ध तीन असे विभागले गेले होते.

वकिलाच्या दृष्टीने या खटल्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. कमिशनपुढे साक्षीदारांची विभागणी दोनच वर्गांत झाली: खरे बोलणारे आणि खोटे बोलणारे. रावजी खरा की शिकवलेला, दामोदरपंत पश्चात्तापाने बोलला की भीतीने, एवढेच प्रश्न विचारले गेले. पण खुद्द कर्नल फेअर यांच्या साक्षीकडे पाहा. पेल्यात विष होते असे मनात आल्यानंतर आधीच्या काही दिवसांतील किरकोळ अस्वास्थ्यही त्यांनी त्याच विषाशी जोडले. जे तेव्हा साधी कणकण म्हणून सोडून दिले होते, ते आता विषाचे लक्षण म्हणून आठवू लागले. फेअर खोटे बोलत होते असे म्हणण्याचे कारण नाही. कदाचित त्यांचे म्हणणे खरेही असेल. परंतु मागाहून कळलेल्या गोष्टीने आधीच्या आठवणीचा अर्थ बदलला, हे उघड आहे. प्रामाणिक असूनही चुकू शकणारा साक्षीदार हा तिसरा वर्ग होय. १८७५ साली त्याच्यासाठी ना कायद्याजवळ नाव होते, ना शास्त्राजवळ.

शास्त्राची सुरुवात त्यानंतर दहा वर्षांनी झाली. १८८५ साली जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आणि ते किती वेगाने विसरतात हे मोजून स्मरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी साक्षीदाराच्या मनोव्यापारांवर पुस्तक लिहून, न्यायालये मानसशास्त्राकडे दुर्लक्ष करतात अशी तक्रार केली. त्याला पुराव्याच्या कायद्याचे थोर भाष्यकार विग्मोर यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले: एक काल्पनिक खटला रचून त्यात मानसशास्त्रज्ञांनाच प्रतिवादी केले, आणि तुमच्याजवळ न्यायालयाला देण्याजोगे निश्चित असे काय आहे, असा प्रश्न टाकला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी पासष्ट वर्षे लागली.

मध्यंतरी केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची एक अपरिचित कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगावयास लावली. कथा दर खेपेस लहान होत गेली. अनोळखी तपशील गळाले, कॅनोची साधी नाव झाली, न कळणाऱ्या जागी कळेल असे कारण येऊन बसले. आठवणे म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणे नव्हे, तर उरलेल्या खुणांवरून ती पुन्हा घडवणे होय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा विचार न्यायालयाच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याचे काम एलिझाबेथ लॉफ्टस यांनी केले. बाईंचा जन्म १६ ऑक्टोबर १९४४ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. चौदा वर्षांच्या असताना, १९५९ साली, त्यांची आई पोहण्याच्या तलावात बुडून मरण पावली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून गणित आणि मानसशास्त्र घेऊन त्या १९६६ मध्ये पदवीधर झाल्या व १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आरंभीचे त्यांचे काम शब्द मनात कसे साठवलेले असतात यावर होते. एखादे फळ सांगा आणि त्याचे पहिले अक्षर अमुक असू द्या, असे म्हटले तर माणूस लवकर उत्तर देतो; आधी अक्षर आणि मग फळ म्हटले तर क्षणभर अधिक लागतो. १९७५ मध्ये अ‍ॅलन कॉलिन्स यांच्यासह त्यांनी मांडलेला, एका कल्पनेपासून शेजारच्या कल्पनांकडे चेतना पसरत जाते हा सिद्धान्त आजही त्या शास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. तथापि अशा प्रयोगांविषयी ऐकून त्यांच्या नात्यातील एका वकिलाने, या माहितीसाठी लोकांचे किती पैसे खर्च झाले, असे विचारले, आणि मग आपण लोकांच्या उपयोगी पडेल असे काही करावे असे मनाने घेतले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

१९७३ साली त्या वॉशिंग्टन विद्यापीठात रुजू झाल्या. पुढच्याच वर्षी जॉन पामर यांच्यासह केलेला त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बडोद्याच्या सरबत-प्रकरणाला त्या साली नेमकी शंभर वर्षे पूर्ण झाली, हा केवळ योगायोग. पंचेचाळीस विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांचे छोटे चित्रपट दाखवण्यात आले आणि मोटारींचा वेग किती होता असे विचारण्यात आले. प्रश्न सर्वांना तोच. बदलले ते एक क्रियापद. मोटारी एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारलेल्यांच्या उत्तरांची सरासरी ताशी ४०.५ मैल आली. धडकल्या म्हटले तेव्हा ३४ मैल. आणि एकमेकींना टेकल्या म्हटले तेव्हा ३१.८ मैल.

येथवर कोणी म्हणेल की शब्दाने अंदाज हलला, आठवण नव्हे. म्हणून दुसरा प्रयोग झाला. दीडशे विद्यार्थ्यांना एक अपघात दाखवला, एका गटाला चुरडल्या, दुसऱ्याला धडकल्या असे म्हणून वेग विचारला, तिसऱ्याला काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांना विचारले: फुटलेली काच पाहिल्याचे आठवते काय? चित्रपटात फुटलेली काच मुळीच नव्हती. तरी पहिल्या गटातील पन्नासांपैकी सोळा जणांना ती आठवली. दुसऱ्या गटात सात आणि तिसऱ्यात सहा जणांना. आठवड्यापूर्वी उच्चारलेल्या एका शब्दाने न पाहिलेली काच दाखवली होती.

यानंतर प्रयोगांची मालिकाच सुरू झाली. १९७५ मध्ये, रस्त्यावर नसलेल्या धान्याच्या कोठाराचा प्रश्नात सहज उल्लेख केला, आणि पुढे सुमारे सतरा टक्के लोकांना ते कोठार पाहिल्याचे आठवले. ज्यांच्या प्रश्नात तो उल्लेख नव्हता त्यांच्यात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतच राहिले. १९७८ मध्ये थांबण्याची पाटी आणि वाट देण्याची पाटी यांची अशीच अदलाबदल करून दाखवली. १९७९ साली प्रत्यक्षदर्शी साक्षीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि विग्मोर यांच्या जुन्या प्रश्नाला पहिले भक्कम उत्तर मिळाले.

यशाबरोबर कठीण प्रसंगही आले. १९७६ साली यूटा राज्यात टेड बंडी नावाच्या तरुणावर अपहरणाचा खटला चालला तेव्हा लॉफ्टसबाईंनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. फिर्यादी तरुणीने त्याला ओळखले होते, आणि ती ओळख बरोबर होती. त्याला शिक्षा झाली. तो अनेक खुनांचा धनी होता हे पुढे उघड झाले आणि १९८९ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. येथे त्यांच्या शास्त्राची मर्यादा नेमकी दिसते. ओळख पटवताना चूक कशी होते हे ते सांगू शकते. समोरचा हा साक्षीदार चुकला आहे की नाही, हे सांगू शकत नाही. तो निर्णय न्यायाधीशानेच करावयाचा असतो.

दुसरा प्रसंग याहून अवघड. १९८७-८८ मध्ये जेरुसलेमला जॉन डेम्यान्युक याच्यावर, तो ट्रेब्लिंका छावणीतील क्रूर पहारेकरी असल्याच्या आरोपावरून खटला चालला. छावणीतून वाचलेल्या वृद्धांनी सुमारे पस्तीस वर्षांनी छायाचित्रांवरून त्याला ओळखले होते. बचाव पक्षाने लॉफ्टसबाईंना बोलावले. त्या स्वतः ज्यू. त्या दुःखितांच्या आठवणींविरुद्ध उभे राहणे त्यांना जमले नाही आणि त्यांनी नकार दिला. आपल्या १९९१ च्या पुस्तकात त्यांनी ही ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. त्यांच्या जागी नेदरलंड्सचे मानसशास्त्रज्ञ वागेनार साक्षीला गेले. आरोपीला मृत्युदंड झाला. पण नवे कागद पुढे आल्यावर, तो मनुष्य हाच याविषयी शंका राहते असे ठरवून इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये त्याला मुक्त केले. २०११ साली म्युनिकच्या न्यायालयाने त्यालाच सोबिबोर या दुसऱ्या छावणीतील पहारेकरी म्हणून दोषी धरले आणि अपील चालू असतानाच २०१२ मध्ये तो वारला. वृद्धांचे दुःख खरे होते. ओळखीचा आधार मात्र कच्चा निघाला.

त्यानंतरचे दशक वादळी गेले. वर्षानुवर्षे विसरलेले अत्याचार उपचारांच्या बैठकीत अचानक आठवल्याच्या तक्रारी अमेरिकेत वाढल्या. न घडलेली संपूर्ण घटनाच मनात रुजवता येते काय, हे पाहण्यासाठी लॉफ्टसबाईंनी जॅकलिन पिक्रेल यांच्यासह १९९५ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस व्यक्तींना त्यांच्या बालपणीच्या तीन खऱ्या आठवणी, नातेवाइकांकडून मिळवलेल्या, आणि एक बनावट आठवण दिली: लहानपणी बाजारपेठेत हरवून एका वृद्ध स्त्रीच्या मदतीने पुन्हा कुटुंबाला मिळाल्याची. सुमारे चतुर्थांश व्यक्तींना ती घटना पूर्णतः किंवा अंशतः आठवू लागली. हे त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही घडले होते. आईचे शव प्रथम तुलाच दिसले, असे एका वडीलधाऱ्या नातलगाने त्यांना अनेक वर्षांनी सांगितले, आणि काही दिवसांतच ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहू लागले. मग घरून निरोप आला की ती नातलगाची चूक होती. शव दुसऱ्याच नातेवाईक स्त्रीला दिसले होते.

या कामामुळे त्यांच्यावर रोष ओढवला. पीडितांचा आवाज दाबला जातो असा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कारण विसरलेला अत्याचार आठवणे अशक्य आहे असे या प्रयोगांनी सिद्ध होत नाही. शास्त्रज्ञांनीही आक्षेप घेतले. मूळ आठवण बदलतच नाही, केवळ उत्तर देताना माणूस विचारणाऱ्यावर भिस्त ठेवतो, असे मॅक्लॉस्की व झारागोझा यांनी १९८५ मध्ये मांडले. १९८६ मध्ये कॅनडातील युइल व कटशॉल यांनी भर रस्त्यात झालेल्या एका खऱ्या गोळीबाराच्या तेरा साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी गाठले, तेव्हा त्यांच्या आठवणी बऱ्याच अचूक निघाल्या आणि सूचक प्रश्नांना त्या बधल्या नाहीत. तात्पर्य, स्मृती नेहमी फसवते असे नव्हे. कोणत्या परिस्थितीत फसवते हे पाहावे लागते. २००२ मध्ये लॉफ्टसबाई कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील विद्यापीठात गेल्या. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. २०११ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटवण्याच्या पुराव्याचे नियम या संशोधनाच्या आधारे नव्याने घालून दिले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या पूर्वजांनी स्मृतीकडे आंधळ्या विश्वासाने पाहिले असे कोणास वाटेल, तर ते बरोबर नाही. तर्कसंग्रहात अन्नंभट्टांनी ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भेद केले, प्रमा ही पदवी यथार्थ अनुभवालाच दिली, आणि स्मृतीचेही यथार्थ व अयथार्थ असे दोन प्रकार सांगितले. वेद जपण्यासाठी पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले गेले ते याच सावधपणातून. शब्द पुढून, मागून, जोडीने म्हणताना एखादे अक्षर ढळले तर ते लगेच उघडे पडते. बडोदे संस्थानात श्रावणमासात दक्षिणेसाठी वैदिकांच्या परीक्षा होत, त्यांतही ही कसोटी होतीच. जेथे स्मृतीवर सर्व भार टाकावयाचा तेथे तिला कुंपण घालावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. साध्या घरगुती आठवणीला मात्र असे कुंपण नसते.

आपला १८७२ चा पुराव्याचा कायदाही या बाबतीत अगदीच बेसावध नव्हता. आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचवणारा प्रश्न सरतपासणीत विचारता येत नाही. घटनेच्या वेळी लिहिलेला कागद पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी ही तत्त्वे कायम आहेत. १९८३ मध्ये गुजरातमधील एका फौजदारी अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी असे सांगितले की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा करता येत नाही, आणि किरकोळ विसंगतींवरून त्याला खोटे ठरवू नये. हा विचार लॉफ्टसबाईंच्या सिद्धान्ताचा सख्खा भाऊ म्हणावा लागेल.

पण उणीव राहते ती येथे. सूचक प्रश्नाला बंदी आहे ती साक्षीच्या पिंजऱ्यात. आणि साक्षीदार पिंजऱ्यात येतो तो महिन्यांनी, कित्येकदा वर्षांनी. तोवर पोलीस, नातलग, शेजारी आणि वर्तमानपत्रे यांनी त्याला शेकडो वेळा विचारलेले असते. रावजीला कमिशनपुढे काय विचारले याची नोंद शब्दशः आहे. डिसेंबरात कबुलीपूर्वी त्याला कोणत्या शब्दांत काय विचारले गेले, त्याची तशी नोंद बॅलंटाइन यांच्यापुढे नव्हती. तीच खरी महत्त्वाची होती.

ही अडचण यंत्राने सुटेल अशी आशा आपल्याकडे काहींनी धरली. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत काम केलेले सी. आर. मुकुंदन यांनी मेंदूतील विद्युत्-लहरींवरून एखादा प्रसंग माणसाने स्वतः अनुभवला आहे की नाही हे ओळखण्याची पद्धत काढली, आणि गांधीनगरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिचा वापर झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला विषप्रयोगाच्या आरोपावरून जन्मठेप दिली तेव्हा इतर पुराव्याबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. विष तेथेही सोमलच होते. उच्च न्यायालयाने तिला पुढे जामिनावर सोडले. ५ मे २०१० रोजी सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीवाचून करता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्यात स्वातंत्र्याचा प्रश्न मुख्य होता. पण लॉफ्टसबाईंच्या प्रयोगांनी आणखी एक शंका उभी केली आहे: रुजवलेली आठवण धरणाऱ्याला खऱ्या अनुभवासारखीच वाटते, तर यंत्राला तरी ती वेगळी कशी दिसावी?

न्यायालयाबाहेरही हा विषय आपणा सर्वांचा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन कागदाला अधिक मोल दिले, आणि बडोद्यास सयाजीरावांच्या पदरी राहिलेले रियासतकार सरदेसाई यांनी जन्मभर कागदांचाच पाठपुरावा केला. पण आपल्या देवस्थानांच्या इतिहासाचा फार मोठा भाग कागदावर नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. नदी ओलांडून रात्रीच्या अंधारात देव नेल्याच्या कथा घराण्याघराण्यांत सांगितल्या जातात. स्थलांतराचा गाभा निःसंशय खरा आहे. तपशील मात्र, कोणाच्या पूर्वजाने मूर्ती खांद्यावर घेतली, होडी कोणाची, पहिला दिवा कोणी लावला, हे घरोघर निराळे. आणि ह्या तपशिलांवरून मानपानाचे व हक्कांचे दावे मांडले जातात. अशा वेळी दुसऱ्या घराण्याला खोटे ठरवण्याची घाई होते. बार्टलेट आणि लॉफ्टसबाई यांच्या संशोधनाचा आपल्याला पहिला लाभ हाच, की भिन्न आठवण सांगणारा मनुष्य लबाडच असला पाहिजे असे नाही.

दुसरा लाभ व्यवहाराचा. देवस्थानांचे स्मृतिग्रंथ आणि घराण्यांचे वृत्तान्त आजही निघतात, आणि त्यांसाठी वृद्धांच्या मुलाखती घेतल्या जातात. मुलाखत घेणाऱ्याने आधी छापील कथा वाचून दाखवू नये. अमुक पालखी तुमच्याच घरातून निघत असे ना, असे विचारू नये. पालखी कशी निघत असे, एवढेच विचारावे. पहिले उत्तर त्यांच्याच शब्दांत, मग ते मराठीत असो वा कोंकणीत, तारीख घालून लिहून घ्यावे. दोन वृद्धांना एकत्र बसवण्यापूर्वी वेगवेगळे ऐकावे. स्वतः पाहिलेले काय आणि आजोबांकडून ऐकलेले काय, हे विचारून निराळे नोंदवावे. आपला प्रश्नही उत्तराशेजारी लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला कोणता शब्द आपण पुरवला आणि कोणता त्यांचा, हे कळेल. जुने जमाखर्च, दानपत्रे व हक्कांचे कागद मिळतील तेथे ते आठवणीशेजारी ठेवावे, तिच्या जागी नव्हे. कारण देव नेणाऱ्याच्या मनातील भय कोणत्याही जमाखर्चात लिहिलेले नसते.

हे काम आताच होण्यासारखे आहे. नव्वदी गाठलेली जी माणसे आज आपल्यात आहेत, त्यांनी ज्यांच्या तोंडून या कथा ऐकल्या ती पिढी केव्हाच गेली. त्यांना कोणी तरी नीट विचारले पाहिजे, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसून ऐकले पाहिजे.